मोहिनी कोण होणार?

मैत्रिणींनो, माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. मधलं अंतर गाडीने तासाभराचं. आज सांगायची आहे ती गोष्ट तुमच्याआमच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या एका बाईची, पण तिच्याकडे जायला मला रोह्यावरूनच जावं लागतं. तेव्हा आधी थोडं माझं ऐका.

१९७६ सालची गोष्ट. मी आठवीत होते, तेरा वर्षांची. शाळेच्या गॅदरिंगला ‘मोहिनी-भस्मासुर’ बसवायचं ठरलं आणि बाईंनी मला मोहिनी केलं. चार दिवस तालीम झाली. हात कमरेवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर, अशी ती शेवटची चाल मला इतकी छान जमायला लागली होती की घरी पाणी भरतानाही मी तीच करत असे. तिथेच घोटाळा झाला. मोठ्या काकांनी ते पाहिलं आणि विचारलं, हे काय चाललंय? आमच्या घरातली मुलगी चारचौघांत नाचणार नाही, एवढं एकच वाक्य बोलून ते देवळात निघून गेले. आई गप्प बसली. वडीलही गप्प बसले. पाचव्या दिवशी माझ्या वर्गातला एक मुलगा मोहिनी झाला.

खरी गंमत पुढेच आहे. त्या मुलासाठी साडी हवी होती. ती गेली आमच्याच घरातून, आईची हिरवी. आणि त्याला निऱ्या घालून द्यायला विंगेत कोण उभं होतं, तर मी! त्याच्या नाचाला टाळ्या पडल्या. काकाही पहिल्या रांगेत बसून हसत होते. घरची साडी स्टेजवर गेलेली चालली, घरची मुलगी तेवढी चालली नाही.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. मग २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, त्याचा तो सिनेमा. त्यात तारामतीच्या कामासाठी बाई मिळत नाही म्हणून शेवटी पुरुषालाच लुगडं नेसवतात. आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांपुढे मात्र आईची हिरवी साडी आली. आणि मनात आलं, मग कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली आपली पहिली बाई कोण?

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वाचनालयात दोन-चार पुस्तकं चाळली आणि जे हाती लागलं ते वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. ती पहिली बाई म्हणजे एक मुलगीच होती. वय जेमतेम तेरा-चौदा. आणि तिने केलेलं काम होतं मोहिनीचं! सिनेमाचं नावच मुळी ‘मोहिनी भस्मासुर’. साल १९१३. मुलीचं नाव कमला कामत, म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले.

‘अग्निहोत्र’ मालिका तुम्ही पाहिली असेल. त्यातल्या विक्रम गोखल्यांची ही आजी आणि चंद्रकांत गोखल्यांची आई. नातू २०२२ मध्ये गेला तेव्हा घरोघरी हळहळ झाली. आजीचं नाव मात्र आपल्यातल्या किती जणींना ठाऊक होतं?

कमलाबाईंची गोष्ट सुरू होते ती त्यांच्या आईपासून. आईचं नाव दुर्गाबाई कामत. कमलाबाईंचा जन्म १९०० सालच्या आसपासचा. वडील आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवत. म्हणजे घर शिकल्यासवरल्या माणसांचं. पण नवरा-बायकोचं पटलं नाही आणि १९०३ साली दुर्गाबाई मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. मैत्रिणींनो, ते साल पुन्हा एकदा वाचा. आजही नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई चाळीत खोली शोधते तेव्हा काय काय ऐकून घेते, ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा तर पांढरपेशा घरातल्या बाईपुढे वाटाच नव्हत्या. लोकांची धुणीभांडी करायची, नाहीतर भावाच्या दारात मिंधं होऊन राहायचं. याहून वाईट वाटेचं तर नावही नको. दुर्गाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्या नाटक कंपनीत गेल्या.

आज आपल्याला यात काही वाटणार नाही. पण तेव्हाच्या कंपन्यांत नायिकेची कामं पुरुषच करायचे. बालगंधर्वांचंच बघा. १९११ सालच्या ‘मानापमान’मध्ये ते भामिनी झाले आणि महाराष्ट्र वेडा झाला. ते नेसतात तशी साडी, ते घालतात तसे दागिने, त्यांच्यासारखा अंबाड्यावर गजरा, हे घरंदाज बायकांनी हौसेने उचललं. माझी आजीही त्यांचं नाव निघालं की पदर सारखा करायची. गंधर्वांची थोरवी आहेच, त्यात शंका नाही. पण पुरुषाने बाईचं काम केलं की ती कला आणि बाईने बाईचं काम केलं की ती मात्र वाया गेलेली, हा हिशेब कसा लावायचा? दुर्गाबाईंच्या वाट्याला तोच हिशेब आला. समाजाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहायला मागे घर तरी कुठे होतं?

लहानगी कमला आईबरोबर कंपनीत वाढली. चार वर्षांची असताना तिने तोंडाला रंग लावला. कंपनीचं बिऱ्हाड आज या गावात, महिन्याने दुसऱ्या. सामानाच्या ट्रंका, पडदे, पेटी-तबला, आचारी, सगळं बरोबर. माईक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं गायचं, तेही रात्र-रात्र. मुलं ज्या वयात अंगणात सागरगोटे खेळतात त्या वयात या मुलीने पाठांतर, ताल, सूर आणि समोरच्या अंधारात बसलेल्या माणसांची नाडी ओळखणं शिकून घेतलं. शाळा म्हणाल तर हीच.

तिकडे फाळक्यांची वेगळीच पंचाईत झाली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या कामासाठी त्यांनी बायका शोधल्या. वेश्यावस्तीतही जाऊन विचारलं, पण तिथल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक हातांचा पोरगा तारामती झाला. सिनेमा चालला. मग फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि दुसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव सुरू केली. या खेपेला मात्र त्यांना खरीखुरी बाई मिळाली. एक नव्हे, दोन! पार्वतीच्या कामासाठी दुर्गाबाई आणि मोहिनीच्या कामासाठी कमला. आई आणि मुलगी एकाच चित्रपटात. कुणी आईला पहिली अभिनेत्री म्हणतं, कुणी मुलीला पहिली नायिका. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. आई पुढे झाली म्हणून मुलगी पुढे आली, एवढं मला पुरतं.

त्या चित्रपटाची गोष्ट आपल्या कीर्तनातली, पुराणातलीच. भस्मासुर रानात घोर तप करतो. भोळा शंकर प्रसन्न होतो आणि वर देऊन बसतो, की ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील त्याचं भस्म होईल. वर मिळाल्याबरोबर याची नजर जाते पार्वतीवर. ती हवी तर शंकर नको. म्हणून ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला हा धावतो. पुढे देव, मागे राक्षस, असा रानोमाळ पाठलाग. बाईवरून दोघांत पेटलेलं वैर आणि भोवती किर्र जंगल, तेव्हाच्या मूकपटाला याहून चांगला मालमसाला कुठला मिळणार? शेवटी विष्णू मोहिनीचं रूप घेऊन त्या रानात येतो. भस्मासुर पार्वतीला विसरून मोहिनीमागे लागतो. मी करते तसा नाच, ही तिची अट. कमरेवर हात, खांद्यावर हात, आणि मग डोक्यावर. संपला भस्मासुर.

आता एक गोष्ट लक्षात आली का? मोहिनी म्हणजे बाई नाहीच. तो बाईचं रूप घेतलेला विष्णू! इतकी वर्षं पुरुषांनी बायकांची कामं केली. आणि पहिल्यांदा खरी मुलगी पडद्यावर आली, ती कशाच्या कामात, तर बाई झालेल्या पुरुषाच्या! हे मला जेव्हा सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. आमच्या गॅदरिंगची गोष्ट नेमकी उलटी. तिथे मुलगा मोहिनी झाला म्हणून कुणाचंच काही बिघडलं नाही.

तो काळ मूकपटांचा होता हेही ध्यानात घ्या. कमलाचं सगळं भांडवल तिचा गळा आणि इथे गळ्याला कामच नाही. जे काही सांगायचं ते डोळ्यांनी, हातांनी, पावलांनी. चित्रीकरण उघड्यावर, उन्हात, कारण विजेच्या दिव्यांची सोय नव्हती. कॅमेरा हाताने फिरवायचा. आणि त्या कॅमेऱ्यामागेही एक बाई राबत होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांनी अंगावरचे दागिने दिले होते. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ही कामं त्या करत. पडद्यावर आई-मुलगी, पडद्यामागे सरस्वतीबाई. आपण मात्र शाळेत एकच नाव पाठ केलं, भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. जनक ठीक आहे हो, पण जननीचं काय?

बरं, कमला आणि दुर्गाबाई एकदा पडद्यावर आल्या म्हणून पुढे बायकांची रांग लागली का? मुळीच नाही. त्या दोघी पुन्हा आपल्या नाटकात गेल्या. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये फाळक्यांनी पुन्हा अण्णा साळुंकेंनाच सीता केलं आणि रामही त्यांनाच केलं! कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त दोन स्त्रियांना कामं दिली, तर त्यांच्याही वाट्याला समाजाचा रोष आला. रंगभूमीवर ‘आंधळ्यांची शाळा’त शिकलेल्या घरच्या मुलींनी कामं केली ती १९३३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, चांगल्या सुखवस्तू घरातल्या. म्हणजे बघा, १९१३ मध्ये जी तारामती करायला एक बाई मिळाली नव्हती ती करायला १९३२ मध्ये खानदानी घरातली बाई पुढे आली. मधली एकोणीस वर्षं ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांनी ती वाट रुळवली.

कमलाचं लग्न झालं ते नाटकातच, रघुनाथराव गोखल्यांशी. घरचीच कंपनी. संसार आणि नाटक एकाच ट्रंकेत बांधलेले. तीन मुलगे झाले. आणि मग पंचविशीच्या आसपासच कपाळ पुसलं गेलं. तीन लहान मुलं आणि हातात फक्त कला. ज्या प्रसंगात आई सापडली होती तोच लेकीवर आला. तेव्हाच्या रीतीने विधवेने कोपऱ्यात बसायचं. कमलाबाई कोपऱ्यात बसल्या असत्या तर मुलं उपाशी राहिली असती. त्या पुन्हा रंग लावून उभ्या राहिल्या.

मला हे वाचताना राहून राहून एकच वाटत होतं. या दोघींनी क्रांती करायची म्हणून काही केलं नाही. त्यांच्या हातात ना झेंडा होता ना भाषण. एका बाईला पोरगी जगवायची होती, दुसरीला तीन मुलगे. पोटासाठी उचललेलं पाऊल होतं ते. पण पोटासाठी उचललं म्हणून त्याची किंमत कमी होते का? आपल्या पेणमध्ये घरोघरी पापड लाटून मुलांना शिकवणाऱ्या बायका आहेत. त्यांनाही कुणी क्रांतिकारक म्हणत नाही. पण त्यांच्या पोरी आज कुठे पोहोचल्यात ते पाहा म्हणजे कळेल.

बोलपट आले तेव्हा कमलाबाईंचा तो गळा, इतकी वर्षं रात्री जागवून तयार केलेला, पुन्हा कामाला आला. त्यांनी पस्तीसच्या आसपास चित्रपट केले. अगदी १९८० सालच्या ‘गहराई’पर्यंत. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या! चार वर्षांची असताना लावलेला रंग ऐंशीव्या वर्षापर्यंत. आपल्याकडे साठीला बाई म्हातारी होते आणि जपमाळ घेऊन बसते.

मुलंही त्याच वाटेवर गेली. लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले. चंद्रकांत नट झाले, तेही लहानपणापासूनच. जखमी जवानांसाठी त्यांनी स्वतःच्या कमाईतून मदत केली, त्याची आठवण लोक आजही काढतात. आईने काय दिलं असेल मुलाला? पैसा तर नव्हता. कष्टाने मिळवायचं आणि मिळवलेलं एकट्याने खायचं नाही, हे मात्र नक्की दिलं असणार.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला रीना मोहन यांनी कमलाबाईंवर एक माहितीपट केला. नाव साधंच, ‘कमलाबाई’. पुण्यातल्या घरात एकट्या राहणाऱ्या नव्वदीच्या म्हातारबाई. शरीर थकलेलं, पण जीभ तल्लख आणि जुनी पदं ओठांवर. विसावं शतक सरता सरता त्या गेल्या. ज्या शतकाबरोबर जन्मल्या, जवळजवळ ते पुरं करूनच. त्यांचा ‘मोहिनी भस्मासुर’ मात्र आज आपल्याला पाहायला मिळत नाही. ती तेरा वर्षांची मोहिनी कशी नाचली, हात डोक्यावर नेताना तिचे डोळे कसे दिसले, हे आपल्याला मनातच पाहावं लागतं. माझ्या मनात ती माझ्या आईची हिरवी साडी नेसलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आत्ताच का आठवलं? सांगते. आमच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. माझी सून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. हात असा स्थिर, की एकदा रेघ ओढली की पुन्हा पुसणं नाही. गेल्या भाद्रपदात शेवटची मूर्ती गेली आणि त्याच रात्री जेवताना तिने विषय काढला. गावातल्या हौशी मंडळाचं नाटक बसतंय, त्यांनी तिला काम विचारलंय, करू का?

मैत्रिणींनो, खरं सांगते. माझ्या तोंडून हो निघालं नाही. मुलगा ताटात बघत होता. हे पाणी पीत होते. आणि मी? लोक काय म्हणतील, रात्रीच्या तालमी, दीड वर्षाचं मूल, हे सगळं माझ्याच डोक्यात फिरायला लागलं. १९७६ सालचे काका जाऊन किती वर्षं झाली, पण त्या रात्री ते माझ्याच पाटावर येऊन बसले होते. देवाला नजर देणारी आमची सून लोकांच्या नजरेसमोर उभी राहणार म्हटल्यावर माझीच झोप उडाली.

ती काही बोलली नाही. ताटं उचलली, ओटा पुसला. पण तिची ती गप्प पाठ मी ओळखली. माझ्या आईची पाठही तशीच होती, काका देवळात गेले तेव्हा. आई त्या दिवशी एक शब्द बोलली असती तर कदाचित काहीच बदललं नसतं. पण मला तरी कळलं असतं की कुणीतरी माझ्या बाजूने आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना मी सुनेला म्हटलं, की तालमीच्या दिवशी मुलाचं मी बघेन, तू काळजी करू नकोस. ती फक्त हसली. हे पेपरमागून काहीतरी पुटपुटले, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सध्या आठवड्यातून तीन संध्याकाळ ती तालमीला जाते आणि मी नातवाला निजवते. आईची ती हिरवी साडी विरली तेव्हा आम्ही ती गोधडीत शिवली होती. नातू त्याच गोधडीवर झोपतो. तो झोपला की मी दार ओढून घेते, दिवा बारीक करते आणि सून यायची वाट पाहते. नाटकात तिला काम छोटंच आहे, दोन प्रवेशांचं. पण पहिल्या प्रयोगाला निऱ्या घालून द्यायला विंगेत मी उभी राहणार, हे मी तिला आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमच्याही घरात एखादी अशी गप्प पाठ असेल. आज जेवणं झाली की तिच्याशी बोला.